चौदाव्या चित्रातली करंगळी

मावशीनं पत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं, मग भिंग लावून दोन मिनिटं निरखलं. आणि शेवटी म्हणाली, "हे आईचे हात."

टेलरबाईंच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे "कुठले हात?" हे त्यांनी भुवयांनीच विचारलं. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस उरलेले, बेचाळीस गणवेश कापून पडलेले, त्यातल्या एकोणिसांना अजून बाह्या नाहीत. अशा वेळी माणसाला कोणाचेच हात बघायची सवड नसते, स्वतःचे सोडून.

पत्रक सकाळच्या वर्तमानपत्रातून आलं होतं. जुना काचकारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याच्या दवाखान्याच्या तीन खोल्यांत आता छोटं संग्रहालय होणार होतं, उद्घाटन येत्या रविवारी. पत्रकात मानाची जागा मिळाली होती एका पुस्तकाला: कारखान्याच्या डॉक्टरांनी शंभराहून थोडी जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली प्रथमोपचाराची हस्तपुस्तिका. शेजारी पुस्तकातल्या एका फोटोचा तुकडा छापला होता. कोणाच्या तरी खांद्याशी झोळीची गाठ मारणारे दोन हात. नुसते हात, मनगटापर्यंत.

"करंगळी बघ," मावशी म्हणाली. "शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलीय. आईचीच आहे ती."

टेलरबाईंनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या. आजीच्या वाकड्या करंगळीची गोष्ट त्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की ती त्यांना स्वतःचीच आठवण वाटायची. आजी त्या दवाखान्यात पट्टीवाली होती. जखमांच्या पट्ट्या उकळायच्या, पिळायच्या, वाळवायच्या, गुंडाळून फडताळात रचायच्या. पिळायला दोन लाकडी रुळांचं यंत्र होतं. त्यात एकदा करंगळी सापडली. डॉक्टर तेव्हा आपल्या पुस्तकाचं मोडलेल्या हाडांवरचं प्रकरण लिहीत होते. "उद्या बघतो" म्हणाले. त्या उद्याला पाच दिवस लागले, तोवर हाड आपल्या मर्जीनं जुळून बसलं.

"आणि पुढच्या वर्षी फोटो काढायची वेळ आली," मावशीचं पुढे सुरूच होतं, "तर धड गाठ मारता येणारी एकटी आईच. डॉक्टरांची गाठ म्हणे शिंकलं तरी सुटायची. मग काय, हात आईचे आणि पुस्तक त्यांचं."

"हे फोटोचं तू मला आधी कधी सांगितलं नव्हतंस."

"फोटो कुठे बघितला होता मी? आई सांगायची, माझे हात पुस्तकात आहेत म्हणून. आम्हाला वाटायचं, म्हातारी बढाया मारते." मावशीनं पत्रक चापून चोपून मांडीवर ठेवलं. "तिथे जा आणि त्यांना सांग. फोटोखाली लिहा म्हणावं कोणाचे हात आहेत ते. मोठ्या अक्षरात. मला वाचायचंय."

ते शेवटचं वाक्य मावशीनं अगदी सहज म्हटलं, पण टेलरबाईंचा शिवणयंत्रावरचा पाय थांबला. मावशीच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध खराब होत चालले होते. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट आणि कान मात्र स्पष्ट, असं तिला दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं, वाचायचं ते वाचून घ्या आजी. आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईनं घरी येऊन वाचायचं काय शोधलं, तर औषधांची वेष्टणं आणि वर्तमानपत्रातली पत्रकं.

"जाते उद्या," टेलरबाई म्हणाल्या. दहा मिनिटांचं काम, असं त्यांना वाटलं. माणूस भोळा असतो.

*

संग्रहालयाचा अधिकारी तिशीतला, सडपातळ, बोलताना चष्मा सतत वर सरकवणारा होता. वागायला वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता आलं असतं. त्यानं टेलरबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग खणातून फोटोच्या त्याच तुकड्याची मोठी केलेली प्रत काढली.

"मावशींचं म्हणणं, त्यांच्या आईची कुठल्या हाताची करंगळी मोडली होती?"

"डाव्या."

"बघा मग."

टेलरबाईंनी बघितलं. गाठ मारणारे दोन्ही हात पाठीकडून दिसत होते, अंगठे एकमेकांकडे. वळलेली करंगळी उजव्या हाताची होती. त्यांनी स्वतःचे हात तसे धरून बघितले, मग हवेत गाठ मारून बघितली. उजवाच.

"म्हातारं माणूस आहे हो," त्या म्हणाल्या. "डावं-उजवं इकडेतिकडे होतं."

"तेच तर म्हणतोय मी," अधिकारी हळहळत म्हणाला. "इकडेतिकडे होणाऱ्या गोष्टी भिंतीवर लावता येत नाहीत. पुस्तकाच्या प्रस्तावनेत डॉक्टरांनी सगळ्यांचे आभार मानलेत. कारखान्याचे मालक, फोटोग्राफर, रुग्ण म्हणून बसलेला पहारेकरी, इतकंच काय, रुग्णगाडीच्या घोड्याची काळजी घेणारा मोतद्दारसुद्धा आहे. हातांबद्दल मात्र एक अक्षर नाही."

"काहीच न लागलेल्या पहारेकऱ्याचे आभार?"

"नुसता बसला होता, हो."

"पुस्तक बघायला मिळेल का?"

"रविवारी. काचपेटीचं काम चालू आहे, त्या खोलीत आत्ता कोणालाच सोडत नाही. तोवर तुम्ही अर्ज द्या. लेखी असलेलं बरं."

टेलरबाईंनी अर्ज लिहिला. *माझी मावशी असे म्हणते की* इथून सुरुवात केली आणि सही ठोकली. घरी येईपर्यंत ऊन चढलं होतं, आणि एकोणीस गणवेशांना बाह्या नव्हत्याच.

"काय म्हणाले?" मावशीनं दारातच विचारलं.

"म्हणाले, बोट उजव्या हाताचं आहे."

"डाव्या."

"मावशी, मी डोळ्यांनी बघून आले."

"मी पण डोळ्यांनीच बघितलं. बरे होते तेव्हा माझे."

"अगं, तुझी आई जाऊन चाळीस वर्षं झाली. होतो घोटाळा. कदाचित उजव्याच हाताचं असेल, आणि मग तर तुझंच खरं होतंय! उजवा म्हण, लगेच लिहितील ते."

मावशी हट्टाला पेटली म्हणजे आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. "आई माझी वेणी घालायची तेव्हा उजव्या हातात फणी, डाव्या हातात केस. ते बोट दुमडायचं नाही, इथे टोचायचं." तिनं डाव्या कानामागे हात नेला. "रोज सकाळी. दहा वर्षं. आता तू मला सांगतेस, माझा कान कुठल्या बाजूला आहे?"

टेलरबाई बाह्या जोडायला बसल्या, आणि पहिलीच बाही उलटी जोडली गेली. उसवताना त्यांनी मावशीला, त्या चष्मेवाल्याला, कारखान्याच्या डॉक्टरांना आणि शाळेला एकाच दमात, पण मनातल्या मनात, चार शब्द ऐकवले. न बोललेलंही समजणारी मावशी पलंगावरून म्हणाली, "मोठ्यानं बोल, मलाही पाठ करू दे."

*

बुधवारी अधिकारी बैठकीत होता. शिपायानं सांगितलं, अर्ज पोचला, फाइलला लागला. गुरुवारी अधिकारी होता, पण फोनवर होता आणि हातानं खुणावत राहिला: दोन मिनिटं, दोन मिनिटं. अशी वीस झाली. मग तो बाहेर आला आणि म्हणाला, "तुमचा अर्ज वाचला. फार छान लिहिलाय."

"छान असू दे. होणार काय त्याचं?"

"ताई, मी अडवत नाहीये तुम्हाला. पण उद्घाटनाला डॉक्टरांचे नातू येतायत, पुस्तक त्यांनीच दिलंय. उद्या कोणी विचारलं, हे कशावरून, तर मी काय दाखवू? खूण म्हणून तुम्ही करंगळी दाखवता आणि ती करंगळी चुकीच्या हातावर आहे."

"मावशी म्हणते, डावीच."

"आणि फोटो म्हणतो, उजवी." त्यानं चष्मा वर सरकवला. "फोटो खोटं बोलत नाही."

टेलरबाईंना त्याक्षणी तो चष्मा काढून त्याच्या हातात द्यावासा वाटला. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. रविवारी भिंतीवर काही लागलं, तर ते मावशी स्वतः वाचेल. पुढच्या वर्षी लागलं, तर ते कोणीतरी तिला वाचून दाखवेल. नेमका हाच फरक होता, आणि अर्जात तो लिहायला कुठे रकाना नव्हता.

परत निघताना मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं. आत एक म्हातारा सुतार काचपेटीच्या चौकटीला पॉलिश मारत होता.

"आत यायचं नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"नाही येत. इथूनच बघते."

"इथून काय दिसणार? भिंत." त्यानं एकदा मागे बघितलं. "ते मघाशी आरडाओरडा करत होते ते तुम्हीच का?"

"आरडाओरडा नव्हता. माझा आवाजच तसा आहे."

"माझ्या बायकोचापण तसाच आहे," सुतार म्हणाला आणि बाजूला सरकला. "चौकटीला हात लावू नका, ओली आहे."

पुस्तक त्यांच्या कल्पनेपेक्षा फारच लहान होतं. कोटाच्या खिशात मावेल एवढं, वर काळं मेणकापड. रक्त लागलं तर पुसता यावं म्हणून असणार. पाठीला पितळी कडी, खिळ्याला टांगायला. कोपरे झिजून गोल झालेले. म्हणजे हे दिखाऊ पुस्तक नव्हतं, कोणाकोणाच्या घामेजल्या हातांनी ते घाईघाईत चाळलेलं होतं. काचेखाली ते पसरून ठेवलं होतं. डाव्या पानावर भाजलेल्याला चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून लावण्याची कृती, तिच्याखाली मूर्च्छेबद्दल चार ओळी: बाई मूर्च्छित झाल्यास कपडे सैल करून तोंडावर पाणी मारावे, पुरुष झाल्यास चमचाभर ब्रँडी द्यावी. टेलरबाई स्वतःशीच फिसकन हसल्या. आठवड्यातलं ते पहिलं हसू.

उजव्या पानावर चित्र चौदा. संपूर्ण.

आजवर त्यांनी बघितलं होतं ते मनगटापर्यंतचं. इथे सगळा माणूस होता. स्टुलावर ताठ बसलेला, भरघोस मिशांचा पहारेकरी, हात झोळीत, चेहऱ्यावर मोठ्या दुखण्याचा आव. मागे कोणीतरी उभं होतं. पण फोटोग्राफरनं तिला चौकटीबाहेर कापलं होतं, नुसते पुढे आलेले दोन हात ठेवले होते. आणि करंगळी उजव्याच हाताची होती. त्यांनी पुन्हा बघितलं. उजव्याच.

मग त्यांनी पहारेकऱ्याचा कोट बघितला. मुद्दाम नाही. चाळीस वर्षं कपडे शिवल्यावर डोळा आधी कपड्याकडेच जातो, माणसाकडे नंतर. जाड कापडाचा, बंद गळ्याचा, गणवेशाचा कोट. पाच बटणं. छातीला एक खिसा.

खिसा उजवीकडे होता.

"या येड्यानं कोट कुठे शिवला?" त्या म्हणाल्या.

"काय?" सुतारानं विचारलं.

पुरुषाच्या कोटाला छातीचा खिसा डावीकडे असतो. बटणं उजव्या पाख्याला, काजं डाव्या पाख्याला, डावा पाखा वर. बेचाळीस गणवेशांतल्या बावीस मुलांच्या सदऱ्यांना त्यांनी याच आठवड्यात तशी पट्टी लावली होती. झोपेतही हात चुकला नसता. इथे उजवा पाखा वर होता. खिसा उजवीकडे, बटणं डावीकडे. कोट आरशात बघावा तसा.

टेलरबाईंनी चौकटीला हात लावला. पॉलिश बोटांना लागलं. सुतार काहीतरी म्हणाला, पण ऐकायला त्या तिथे नव्हत्याच, त्या अधिकाऱ्याच्या खोलीच्या दारात पोचल्या होत्या.

"तुमचा फोटो उलटा छापलाय!"

तो पुन्हा फोनवर होता. या वेळी त्यानं तो ठेवला.

त्याला समजावायला पंधरा मिनिटं लागली. तो म्हणाला, बायकांच्या कपड्यांना बटणं डावीकडे असतात ना? त्या म्हणाल्या, असतात. तो म्हणाला, मग हा कोट बाईचा असू शकेल. त्या म्हणाल्या, साहेब, अहो, मिशा! तो ओशाळला. मग त्याला आठवलं की रुग्णाचं नाव पहारेकरी म्हणून प्रस्तावनेतच आहे. मग तो उठला, सुताराला बाजूला करून काचेवर वाकला. स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपली, पुन्हा वाकला, पुन्हा चाचपली. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"काचेची निगेटिव्ह," तो पुटपुटला. "छपाईला पालथी ठेवली असणार. शंभर वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही! ताई, हे... हे फारच..."

"म्हणजे करंगळी?"

"डावी! अर्थात डावी."

टेलरबाई पॉलिशचे हात पदराला पुसत घरी आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "मावशी, कान डाव्याच बाजूला आहे तुझा!"

"माहीत होतं मला," मावशी म्हणाली. पण तिनं दोन वेळा चहा मागितला आणि रात्री झोपताना कपाटातून चांगलं लुगडं काढून खुर्चीवर ठेवलं. रविवारला अजून तीन दिवस होते.

*

रविवारी दवाखान्याच्या आवारात चांगली गर्दी झाली. भाषणं झाली. डॉक्टरांचे नातू, साठी ओलांडलेले गोरेपान गृहस्थ, आजोबांच्या सेवाभावाबद्दल बोलले. मावशी पहिल्या रांगेत, मांडीवर भिंग घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. फीत कापली. माणसं आत शिरली.

मधल्या खोलीत भिंतीभर चित्र चौदा लावलं होतं. अधिकाऱ्यानं ते मोठं तर करून घेतलं होतंच, शिवाय सुलटंही केलं होतं. खिसा डावीकडे. बटणं उजवीकडे. आणि दोन वीत लांब, वळलेली, डाव्या हाताची करंगळी. मावशी तिच्यासमोर उभी राहिली. तिनं मान जरा तिरकी केली, मधलं पुसट कडेला यावं म्हणून.

टेलरबाई फलक वाचत होत्या. मोठी अक्षरं होती, मावशीला हवी होती तशी. *चित्र १४. मूळ पुस्तकात हे चित्र उलट छापले गेले आहे. कोटाची बटणे व खिसा यांच्या स्थानावरून ही चूक प्रथमच उघडकीस आली. हे निरीक्षण एका स्थानिक शिवणकाम करणाऱ्या महिलेचे असून संग्रहालय त्यांचे आभारी आहे. रुग्ण: कारखान्याचा पहारेकरी. हात: अज्ञात.*

त्यांनी परत वाचलं. मग मावशीनं भिंग काढायच्या आत तिच्यापुढे उभं राहावं असं त्यांना वाटलं, पण मावशी केव्हाच फलकापाशी पोचली होती. अक्षर अक्षर करत ती खाली उतरत गेली. 'शिवणकाम' पाशी थांबली. शेवटच्या शब्दापाशी जास्त थांबली.

"तुझं आलंय की," ती म्हणाली. "बरं झालं."

ते 'बरं झालं' टेलरबाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात दुसऱ्याचा, आणि कौतुक बटणं बघणारीचं!

अधिकारी चेहरा फुलवून समोर आला. "आवडलं ना ताई? तुमचा उल्लेख मी मुद्दाम..."

"माझा काढा."

"काय?"

"माझा काढा आणि हिच्या आईचा लावा. मी काय केलं? कोट बघितला. हात कोणाचे ते हिनं सांगितलं. डावी म्हणून सांगितलं, फोटो उजवी म्हणत असताना सांगितलं, आणि खरी निघाली ती. अजून काय हवं तुम्हाला?"

"ताई, चित्र उलटं आहे हे सिद्ध झालं. हात कोणाचे, हे नाही ना झालं." तो आवाज खाली आणून बोलत होता, नातू शेजारच्या खोलीत होते. "तुमचं नोंदवता आलं कारण कोट फोटोतच दिसतो, शिवाय तुमचा लेखी अर्ज आहे, सही आहे. त्यांचं काय आहे माझ्याकडे? तुमच्या अर्जात एक वाक्य, *माझी मावशी असे म्हणते*. ते तुमचं लिहिणं झालं. त्यांचं स्वतःचं काहीच नाही."

तीन वेळा टेलरबाई इथे येऊन गेल्या होत्या. तिन्ही वेळा मावशी घरी होती, पाय दुखतात म्हणून, ऊन आहे म्हणून. अर्ज त्यांनी लिहिला, भांडल्या त्या, हट्ट करू नकोस म्हणून मावशीलाही त्याच बोलल्या. जिची आई, तिला कोणी कागद दिलाच नव्हता. चष्मेवाल्यानं दिला नव्हता हे एक वेळ ठीक.

"कागद आण," मावशी म्हणाली.

"आजी, आज गर्दी आहे, उद्या..."

"उद्या बघतो म्हणाले आणि आईचं बोट तसंच राहिलं," मावशी अधिकाऱ्याला म्हणाली. "तू तरी तसं म्हणू नकोस रे बाबा. कागद आण. आणि काळ्या शाईचं पेन."

अधिकाऱ्यानं खुर्ची आणली, काचपेटीशेजारी ठेवली. मावशी लिहायला बसली. डावीकडून सुरू झालेली ओळ उजवीकडे जाईतो डोंगर चढायची. मधलं अक्षर दिसत नसल्यानं ती कडेनं अंदाज घेत लिहायची, कधी एकावर एक. टेलरबाई म्हणाल्या, "तू सांग, मी लिहिते."

"तुझं लिहून झालंय," मावशी म्हणाली.

अर्ध्या तासानं पान भरलं. अधिकाऱ्यानं ते मनातल्या मनात वाचलं. यंत्र होतं, करंगळी होती, वेणी होती, टोचणं होतं. शेवटच्या दोन ओळींपाशी त्याचा चष्मा घसरला.

"आजी, हे... *डॉक्टरांनी बोट वेळेवर बसवले नाही, कारण ते पुस्तक लिहीत होते*. एवढं राहू दे का? म्हणजे, नातू आलेत बाहेर..."

"त्यांनी बसवलं असतं तर मी आज कशावरून ओळखले असते?" मावशी म्हणाली. "त्यांना सांग, उपकारच झाले तुमच्या आजोबांचे."

अधिकाऱ्यानं चष्मा वर सरकवला. मग त्यानं कागदावर तारीख घातली, शिक्का मारला आणि नोंदवहीत क्रमांक चढवला. एक ओळही काढली नाही. तेवढ्यापुरता टेलरबाईंना तो चष्मा बरा वाटला.

"फलक बदलून घेतो," तो म्हणाला. "छपाईला तीन आठवडे."

"अरे, माझे डोळे तुझ्या छापखान्याला विचारून चालत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे मी इथेच बसलेली," मावशी म्हणाली आणि लुगडं नीटनेटकं करून खुर्चीत आणखी मागे सरकली.

त्यानं टेलरबाईंकडे बघितलं. टेलरबाईंनी छताकडे बघितलं. शेवटी तो खोलीतून जाड पेन आणि पांढरा पुठ्ठा घेऊन आला आणि काचपेटीच्या कडेवर टेकून लिहायला लागला. *हे हात बहुधा*

"बहुधा नको," टेलरबाई म्हणाल्या.

"पुरावा म्हणून मला तेवढं..."

"तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच लिहा. कमी नको, जास्त नको. कोणी सांगितलं ते माहीत आहे ना?"

त्यानं पुठ्ठा उलटा केला. विचार केला. मग लिहिलं, आणि ते लिहिताना त्याची जीभ शाळेतल्या पोरासारखी बाहेर आली होती. *हात: या दवाखान्यातील पट्टीवाली बाई. डाव्या करंगळीवरून त्यांच्या मुलीने ओळखले.* 'अज्ञात' या शब्दावर त्यानं पुठ्ठा दोन टाचण्यांनी अडकवला. तो जरा तिरका बसला. टेलरबाईंना त्या तिरकेपणाचा फार राग आला, शिवणीत असता तर त्यांनी उसवलाच असता.

मावशी उठली. भिंग काढलं. 'हात' पासून सुरुवात केली. एका अक्षराला एक श्वास, मग भिंग अर्ध्या बोटानं पुढे, मान तिरकी, पुन्हा पुढचं अक्षर. मागे रांग खोळंबली. कोणाचं तरी पोर विचारायला लागलं, पुढे का जात नाही. गोरेपान नातू दारात येऊन थांबले, "एक्स्क्यूज मी" म्हणाले, जरा खाकरलेही.

टेलरबाई रांगेकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "वाचतेय ती."